कल्हई गेलेली वाटी

कल्याणात आमच्या आळीत गोदाकाकूंनी विरजण मागितलं नाही असं घर सापडायचं नाही. बंदरावर जकातीच्या कचेरीत कारकून असलेल्या नारोपंतांची ही बायको. अंगानं मूठभर, कपाळावर आडवं कुंकू, पायाला भिंगरी आणि हातात एक पितळेची वाटी. परसदारानं आत यायच्या, मागच्या पडवीत उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “जरा विरजण घाला गं, माझं कालचं नासलं.” आता विरजण लावायचं रात्री, आणि ह्या बाईला ते हवं असायचं सकाळी, चुली पेटायच्या वेळेला. त्यातून वाटीची कल्हई कधीच उडालेली. तसल्या वाटीत दही थोडा वेळ ठेवलं तरी कळकून हिरवं व्हायचं. आणखी मौज म्हणजे दही लावावं तर गोदाकाकूंनीच, सुरीनं वड्या पाडाव्यात असं. मग हे मागून नेलेलं विरजण जायचं कुठे, हा आमच्या विहिरीवरचा कायमचा प्रश्न होता. कोणी म्हणे नवऱ्याला खाऊ घालते, कोणी म्हणे बाईचं डोकं फिरलंय.

बसणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. पाट मांडला तर त्याच्याशेजारी उभ्या राहायच्या. पाणी प्यायल्या तरी उभ्यानं, आणि तेवढ्यात डोळे सगळ्या स्वयंपाकघरातून फिरून यायचे. बोलायच्या एकीशी आणि बघायच्या दुसरीकडेच. मला त्याचा फार राग यायचा. एकदा हळदीकुंकवाला आल्या तेव्हा मी म्हटलंसुद्धा, “काकू, जरा टेका की. आमचं घर काही चावत नाही.” तर म्हणाल्या, “बसले की माझ्या डोक्यात किडे वळवळतात बाई. मी आपली उठवळ, मला उभीच राहू दे.”

मी ह्या आळीत सून म्हणून आले तेव्हा माझं वय परकर-पोलक्याचंच होतं. माहेर मोहन्याचं, उल्हास नदीच्या काठचं. घर आठवून रडायची, पण पोटभर जेवून रडायची. मी आल्याच्या दुसऱ्याच सकाळी काकू वाटी घेऊन हजर. सासूबाई विरजण काढायला वळल्या तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पुढच्या आठवड्यात आणखी एकदा आल्या आणि जाता जाता माझ्या कानाशी लागल्या, “तुझं बरं चाललंय. फडताळातला गूळ चोरतेस ना? ओठाला लागलाय, पूस.” मी लाजेनं अर्धी झाले. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या आमच्याकडे विरजण मागायला आल्या नाहीत. आणि मी मूर्ख, मला वाटायचं ह्यांना आमच्या घरचं दही आवडलं नसावं.

खरा प्रकार कळला तो सदुभाऊ वकिलांच्या सुनेपायी.

वकिलांचं घर आमच्या शेजारचंच, मध्ये फक्त केळींचं एक बेट. घर भरलेलं, ओटीवर सकाळपासून पक्षकार. सुनेचं नाव लक्ष्मी, ते सासरचं. माहेरचं कोणाला माहीत नव्हतं, कारण त्या नावानं हाक मारायला तिकडचं कोणी आलंच नव्हतं. आई लहानपणी गेलेली, बापानं दुसरं लग्न केलेलं, आणि तो पार तिकडे नगराकडे कुठेतरी. नवरा पुण्याला कॉलेजात. सोळाव्या वर्षी ती बाळंत झाली आणि मूल बारशापर्यंतही राहिलं नाही. सासू, तिला सगळे आत्याबाई म्हणत, पहिला नातू गेला म्हणून ऊर बडवून रडली. ते रडणं खरं होतं, मी भिंतीपलीकडून ऐकलंय. पण रडून झाल्यावर तिनं जी वाचा उघडली ती मिटलीच नाही. पांढऱ्या पायाची, अवदसा, माझ्या मुलाच्या नशिबाला लागली. जेवताना तेच, निजताना तेच. आणि घरात दुसरं कोणी एक अक्षर बोलायचं नाही. सदुभाऊ कोर्टात तासन्‌तास बोलायचे, पण घरात ताटावरून उठेपर्यंत मान वर करायचे नाहीत.

त्या दिवसांत काकूंची वाटी रोज वकिलांच्या परसदारी दिसायला लागली. मी केळींआडून विचारलं, “काकू, रोज विरजण नासतं होय तुमचं?”

काकू कुंपणाशी आल्या. वाटी पदराआड घेतली आणि हळू आवाजात म्हणाल्या, “तू इथे राहतेस ना लागून? मग सांग मला. पानात टाकते का? वेणी कधी घातली होती? कोणाशी हसली का ह्या महिन्यात?”

हसली का, हे कोण बघतं? सून म्हणजे काम करते की नाही, एवढंच आम्हाला बघायची सवय.

“काल तिनं आपल्या लुगड्यांतलं बरं लुगडं मोलकरणीला देऊन टाकलं,” काकू म्हणाल्या. “म्हणाली, मला आता कशाला. मला हे नाही आवडलेलं.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही बाई दही मागायला जातच नव्हती. ज्या घरात कोणाचं मन मरत चाललंय असा तिला वास यायचा त्या घरी ती जायची, आणि विरजण वाटीत पडेपर्यंत जेवढं दिसेल तेवढं बघून घ्यायची. सून असो, आश्रित पोर असो, घरी परत पाठवलेली लेक असो. सकाळची वेळ एवढ्यासाठी की रात्रीचं रडणं सकाळी तोंडावर दिसतं.

पण आळीतल्या बायका काही माझ्याइतक्या मठ्ठ नव्हत्या. त्यांनी हे हळूहळू ओळखलं आणि तिथेच घोटाळा झाला. गोदा ज्या घरी वाटी घेऊन गेली त्या घरात काहीतरी काळंबेरं आहे, असं आळीत ठरून गेलं. मग तिचं येणं म्हणजे अपमान. कोणत्या सासूला आवडेल? आत्याबाईंनी एका सकाळी दाराची कडी घालूनच आतून सांगितलं, “आमच्याकडे विरजण नाही. इथून पुढेही नसेल.”

दोन-चार दिवस काकूंनी कडी वाजवून पाहिली. त्या दिवसांत त्यांची नुसती तगमग चाललेली. वकिलांच्या घरावरून जायच्या, तळ्यापर्यंत जायच्या, परत यायच्या. माझ्याकडे येऊन विचारायच्या, “आवाज आला का तिचा?” मी म्हणायची, नाही. “भांड्यांचा?” तो येतो. “मग ठीक आहे,” म्हणायच्या आणि पुन्हा चालायला लागायच्या. मलासुद्धा त्यांच्यामुळे घरात चैन पडेना. पोळी करपायची, दूध उतू जायचं. सासूबाई म्हणाल्या, “त्या भटकभवानीच्या नादी लागू नकोस,” पण त्या स्वतःच दहा वेळा केळींकडे बघून यायच्या.

आणि एक दिवस भर दुपारी काकू वकिलांच्या पुढच्या दारानं गेल्या. ओटीवर पाच-सहा पुरुष बसलेले, सदुभाऊ गादीवर. बायकांनी तिथे सावलीसुद्धा पाडायची नाही. काकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला, कुंकवाचा करंडा पुढे धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “भाऊसाहेब, शुक्रवारची सवाष्ण म्हणून तुमच्या सूनबाईला जेवायला सांगायला आलेय. देवीनं स्वप्नात येऊन हिचंच नाव घेतलंय.”

आता सवाष्णीचं बोलावणं मोडायचं म्हणजे देवीच्या कोपाला आमंत्रण. आणि तेही एवढ्या लोकांसमोर. ओटीवरचे म्हातारे माना डोलवायला लागले. सदुभाऊ घसा खाकरत म्हणाले, “येईल. का नाही येणार?” आत दाराआड आत्याबाईंच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या.

शुक्रवार उजाडला. मी मदतीला काकूंकडे गेले होते. पुरण झालं, पाट मांडला, रांगोळी घातली. सवाष्ण यायची वेळ झाली आणि टळली. काकू दारातून रस्त्यावर, रस्त्यावरून दारात. मी म्हटलं, “निघेल हो, आवरत असेल.” तर म्हणाल्या, “अगं, तिला आवरायला आहे काय?” मी वकिलांकडे डोकावून आले. मोलकरीण म्हणाली, वहिनी तर मघाच निघाल्या काकूंकडे.

काकूंनी हातातली पळी तशीच टाकली. त्या काळ्या तलावाच्या वाटेनं निघाल्या आणि मी मागे. मला त्यांच्याबरोबर चालवेना, इतकी त्या भिंगरीला गती आलेली.

तलावाच्या पायऱ्यांवर दहा-पंधरा माणसं जमली होती. मध्ये लक्ष्मी बसलेली, नखशिखांत भिजलेली, दात वाजत होते. तिला दंडाला घट्ट धरून शहाडाकडची एक आगरी भाजीवाली बसली होती, तीही तितकीच ओली. तिची भाजीची पाटी पायऱ्यांवर उलटी पडलेली. गर्दीतला कोणी शहाणा म्हणत होता, फौजदाराला वर्दी द्या, जीव द्यायला जाणं म्हणजे गुन्हा आहे, कचेरीत न्यायला पाहिजे. ते ऐकून ती पोर आणखीच आक्रसत होती.

काकू पुढे झाल्या. “काय कचेरी लावलीय? माझ्याकडे सवाष्ण म्हणून जेवायला येत होती. पाय धुवायला उतरली, पाय घसरला.”

भाजीवाली म्हणाली, “नाय गो बाय, पाय कुठं घसरला? ही तं सरल चालत गेली.”

काकूंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिनंही काकूंकडे पाहिलं, मग आपण धरलेल्या पोरीच्या हाताकडे. “हां, हां,” ती म्हणाली, “घसरला. मीच बगला. शेवाल हाय ना थं.” आणि त्या शहाण्याकडे वळून म्हणाली, “तू व्हतास का थं? नाय ना? मग बोलू नको.”

आम्ही तिघींनी तिला काकूंच्या घरी आणलं. काकूंनी तिचं डोकं पुसलं, आपलं कोरडं लुगडं नेसवलं, आणि मग जे केलं ते माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. त्यांनी तिला रांगोळी घातलेल्या पाटावर बसवलं, देवीची म्हणून तिचे पाय धुतले, कुंकू लावलं. ज्या पायांना घरात पांढरे पाय म्हणत होते, ते पाय त्यांनी परातीत घेऊन धुतले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी गोदाकाकूंना खाली बसलेलं पाहिलं. अगदी तिच्या पाटाला गुडघा लावून.

“माहेरी काय म्हणत तुला?” त्यांनी विचारलं.

ती पुटपुटली, “ठकी.”

“ठके, जीव द्यायचं मनात कधीपासून येतंय?”

असं कोणी विचारतं का? आमच्यात हे शब्द तोंडातून काढायचे नसतात. मी काकूंचा पदरसुद्धा ओढला. पण ठकीनं मान वर केली. जणू एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कोणी तिच्या भाषेत बोललं होतं. “बाळ गेल्यापासून,” ती म्हणाली. आणि मग ती बोलायला लागली ते थांबेचना. बाळाचं नाक कसं होतं तेसुद्धा कोणी तिला सांगू दिलं नव्हतं. ती रडली, काकू रडल्या, मी रडले, आणि दारात बसून कोरडं होत असलेली भाजीवालीही रडली. पुरणपोळी गार झाली. मग सगळ्यांनी ती गारच खाल्ली.

संध्याकाळच्या आत सदुभाऊ आले. सुनेला न्यायला आले होते, पण काकू दारात उभ्या राहिल्या. वकील मोठा, आवाज मोठा, आणि समोर ही मूठभर बाई. त्या म्हणाल्या, “भाऊसाहेब, आमच्या ठाण्याच्या घरी माझी धाकटी जाऊ होती. चांगली हसरी. वर्षभरात हसायची बंद झाली. मी तिच्याच चुलीशी काम करत होते, मला वाटलं नखरे करते. तिचाही पाय घसरला असं फौजदाराला मीच सांगितलं. तेव्हा ती गेलेली होती. आज तेच खोटं मी पुन्हा बोलले, पण ही आत बसून पोळी खातेय. आता तुम्ही काय करायचं ते तुम्ही बघा. पण मुलाला पुण्याहून बोलावून घ्या, आणि शहाडाला हिची मावशी आहे म्हणते, तुमच्या दाराशी यायला बिचकणारी, तिथे महिना-दोन महिने पाठवा. तोवर ही इथून हलणार नाही.”

सदुभाऊंनी एकदाही प्रतिवाद केला नाही. पायरीवर बसले आणि उपरण्यानं डोळे पुसत राहिले. मला त्यांची दया आली आणि तितकीच चीडही आली.

नवरा आला, मावशी आली, ठकी शहाडाला गेली. ती गेल्यावर आठवड्यानं काकूंच्या परसदारी कोणी उभं राहिलं म्हणून मी पाहिलं तर आत्याबाई. हातात चांदीची वाटी. ह्या घराची पायरी कधी चढणार नाही म्हणणारी बाई. मान खाली घालून म्हणाली, “जरा विरजण असेल तर... आणि तिकडचं काही कळलं का? जेवते का ती?” काकू एक शब्द टाकून बोलल्या नाहीत. वाटी भरून दिली आणि म्हणाल्या, “जेवते. झोपसुद्धा लागते म्हणे. तुम्हाला लागते का?” आत्याबाई तिथेच पडवीत बसल्या आणि नातवासाठी पुन्हा रडल्या. ठकी पुढे नवऱ्याबरोबर पुण्याला गेली. तिची दोन पोरं मी अंगाखांद्यावर खेळवली आहेत.

मग वर्षं गेली. नारोपंत वारले. काकूंचं कुंकू गेलं, केस गेले, अंगावर लाल आलवण आलं. आता त्यांनी सकाळी कोणाच्या दारात उभं राहणं म्हणजे लोकांना अपशकुन. काही घरांतून तर तोंडावर दार लावत. पण त्या चालायच्या थांबल्या नाहीत. वाटी तीच.

आणि एका सकाळी, माझ्या डोक्यात चार पांढरे केस दिसायला लागले त्या सुमाराला, आमच्या मागच्या पडवीत आवाज आला, “जरा विरजण घाल गं, माझं कालचं नासलं.”

खरं सांगते, मला पहिल्यांदा संतापच आला. माझ्या घरी? ह्या बाईचं सगळं ठाऊक असलेली मी, आणि माझ्याकडे वाटी? माझी सून तर चुलीपुढे बसून फिदीफिदी हसत होती. तोंडाला गूळ लागलेला. मी म्हटलं, “काकू, माझ्या सुनेकडे नीट बघा. काय कमी आहे तिला?”

“तिचं बरं आहे,” काकू म्हणाल्या. “सून नव्हे गं. तुझा विनू.”

माझा धाकटा विनू. मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झालेला. त्याच्या वडिलांनी महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मोठा भाऊ पहिल्या झटक्यात पास झालेला, येणाराजाणारा तेच बोलून दाखवायचा. विनू सगळ्यांच्या मागून जेवायचा. आम्ही म्हणायचो, तोंड फुगवून बसलाय, बसू दे, अक्कल येईल.

“बंदरावर तासन्‌तास पाण्याकडे बघत बसतो,” काकू म्हणाल्या. “काल आपली नवी छत्री शेजारच्या पोराला देऊन आला. म्हणाला, मला आता काय करायचीय.”

माझ्या हातातलं दह्याचं भांडं मी कुठे ठेवलं ते मला आठवत नाही. मी माळ्यावर गेले. विनू भिंतीकडे तोंड करून पडला होता. मग काकूंसारखंच मी त्याच्या अंथरुणाला गुडघा लावून बसले आणि विचारलं, “विनू, जीव द्यायचं मनात येतं का रे?”

तो वळला. मला वाटलं होतं चिडेल, काहीतरीच काय म्हणेल. त्यानं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, “तुला कोणी सांगितलं?”

आम्ही किती वेळ तसे बसलो होतो कोणास ठाऊक. ह्यांना मी वरूनच हाक मारली, वर यायला लावलं, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ह्यांच्यावर आवाज चढवला. ह्यांनी विनूच्या पाठीवर हात ठेवला. तो काही काढला नाही. विनू आज कोलशेतच्या मिठागरावर कारकून आहे. तापट आहे, पोट सुटलंय, दोन घास जास्तच खातो. मी त्याला कमी वाढत नाही.

मी खाली आले तर काकू पडवीत तशाच उभ्या. एवढा वेळ. मला बघून त्यांनी माझ्या तोंडावरच सगळं वाचलं असावं. वाटी पुढे केली. “विरजण दे की मग. उगाच आले का मी?”

मी वाटी काठोकाठ भरली. परसदारानं जायला त्या वळल्या तशी मी त्यांचा हात धरला आणि घरातून, ओटीवरून, पुढच्या दारानं त्यांना बाहेर आणलं. समोरच्या घरांतून बायका डोकावल्या. गोदा वाटी घेऊन आमच्या दारातून निघाली हे अख्ख्या आळीनं पाहिलं. बघू दे म्हटलं.

त्यानंतर महिन्याभरातच त्या गेल्या, त्यामुळे मला त्या आठवतात त्या अशाच, पाठमोऱ्या. वाकून, भिंतीला हात लावत, पण भरभर चाललेल्या. आळीच्या कोपऱ्यावर एक कुत्रं झोपलेलं होतं. ते काकूंना बघून उठलं, शेपटी हलवत समोर येऊन बसलं, जसं काही रोजचंच होतं. काकूंनी सगळं दही त्याच्यापुढे ओतलं. वाटी आलवणाच्या पदरानं आतून-बाहेरून पुसली. आणि रिकामी वाटी हातात धरून त्या पुढच्या घराच्या परसदाराकडे वळल्या.